पाचवी प्रत

वरुडच्या कोर्टासमोर, टिनाच्या शेडात
माझं टायपिंगचं टेबल. डावा पाय आखूड,
खाली जुन्या मतदार यादीची घडी.
सहा वर्षं मी या तिघांची भांडणं टाईप केली.

खेरड्यांच्या यंत्रात रुळांमधली फट हळूहळू वाढत जाते,
लहान संत्रं आधी पडतं, मोठं शेवटी.
ते पेटंट त्यांचं.
साल न खरवडता धूळ काढणारा ब्रश रफीक मिस्त्रीचा.
आणि पट्टा न थांबवता क्रेट बदलायची ती खिट्टी
बोंड्यांची.
एकाशिवाय दुसऱ्याचं यंत्र अर्धं,
म्हणून तिघांच्या तिघांवर केसेस.
अमरावतीच्या तारखा. एकाच एसटीत तिघं, तीन सीटांवर.
वकिलाच्या मुलीचं लग्न आपणच लावलं,
असं रफीक म्हणायचा, आणि हसायचा.

मग पुण्याची कंपनी आली.
कॅमेऱ्यानं रंग ओळखणारं यंत्र,
आणि तिघांच्या नावानं तीन नोटिसा,
एकाच दिवशी, एकाच पोस्टमनच्या हातून.

त्या सांजेला बोंडे म्हणाला,
"आपल्या आज्यायनं एका विहिरीवर तीन मोटा हाकल्या.
आपल्याले एक खिट्टी वाटून घेता येत नाई?"

मी स्टॅम्प पेपर चढवला.
तुझं मी वापरीन, माझं तू.
एकमेकांवर दावा नाही.
बाहेरचा अंगावर आला, तर तिघांची पेटंटं एका मुठीत.

कंपनीच्या वकिलानं ती मूठ पाहिली.
त्यांच्या यंत्रातही फट होती, ब्रश होता.
चौथ्या महिन्यात कंपनी आली ती सही करायला.
सगळे दावे मागे.
अमरावतीहून वकीलसाहेबांचा फोन:
"यंदा तिकडं कसं काय?"
म्हटलं, आंबिया टिकला, साहेब.
गळ झाली ती भांडणांची.

आता कुसुम लेकुरवाळे.
बेनोड्याच्या रस्त्यावर वर्कशॉप, एक वेल्डिंग मशीन, दोन पोरं.
तिचं यंत्र सायकलच्या चेनवर चालतं,
बाया भाड्यानं नेतात, बंडीत घालून.
त्यात फट आहे. वाढत जाणारी.
फट वाढल्याशिवाय संत्रं निवडायचं कसं?
तिला वाटलं, फट म्हणजे हवा.

नोटीस मीच टंकली, चौघांच्या वतीनं.
रक्कम आधी आकड्यात, मग अक्षरी.
रफीक शेजारी उभा होता, वर पत्र्याकडे बघत.
चार प्रती चौघांना. कार्बन जुना.
पाचवी तिची.

आठ दिवसांनी तीच प्रत घेऊन आली.
"भाऊ, हे फिकं हाय. काय लिवलं?"
वाचून दाखवलं.
"यायच्या आत शिरायले किती पैसे लागते?"
पैसे नाही, ताई. तुझं असं काहीतरी लागतं
जे त्यांच्याजवळ नाही.

ती बराच वेळ गप्प. नखातली काजळी काढत.
"चेन," म्हणाली. "लाईन गेली तरी माहं चालते.
त्यायचं चालते?"

मला ठाऊक होतं, गावभर भाड्यानं फिरलेलं यंत्र
कायद्याच्या लेखी जगानं पाहिलेलं असतं.
बोललो नाही.
पूर्ण नाव सांगा म्हटलं, वडिलांचं धरून,
आणि कार्बन नवा घेतला.