रकाना बी-सात

लाल वर्तुळ, मधे आडवी पट्टी,
खाली लिहिलेलं : ही जागा विद्यार्थ्यांसाठी नाही.
आमच्या शाळेत ते दिवसाला चारशे वेळा उगवतं.
खरा सूर्य जानेवारीत डोंगर चढून येईपर्यंत
दुसरा तास संपलेला असतो.

यादी मी केलेली नाही.
ती बिश्केकहून आली, कुलूप लावूनच.
किल्ली कुणाकडे, हे विचारायला तीन पत्रं लिहिली.
तिसऱ्याला उत्तर आलं :
पहिली दोन मिळाली.

गप्पा बंद. चित्रफिती बंद.
घोड्यांची शर्यत बंद, शर्यत म्हणजे जुगार.
मेंढी कशी सोलावी तेही बंद, हिंसा म्हणे.
सहावीतला एर्मेक हे काम शनिवारी करतो,
सोमवारी त्याच हातांनी कळफलक बडवतो
आणि भाषांतराच्या पानाला वळसा घालून
फुटबॉलचा निकाल काढतो.
'हरलो' हा शब्द त्याला आता हंगेरियनमध्ये येतो.
मी बघते. फळा पुसत राहते.

रात्री नोंदी वाचायच्या, हेही माझंच काम.
कोण कुठे अडलं, किती वाजता.
शेगडीजवळचं यंत्र क्रमांक अकरा मात्र
कुठेच अडत नव्हतं.
रोज बारा चाळीसला एकच तक्ता उघडायचं,
नाव : नद्यांची लांबी.
एवढ्या नद्या
आमच्या देशातही नाहीत.

उघडला एकदा.
नारीन, आठशे सात. तलास, सहाशे एकसष्ट.
आणि बी-सातपासून खाली :

गाय व्यायली. कालवड.
कपाळावर पांढरं आहे?
थोडं.
मग नाव तूच ठेव.
खोकला?
नाही.
खोटं. काकू म्हणाली.

बुरुलचा बाप नोवोसिबिर्स्कला, चौदाव्या मजल्यावर,
जेवणाच्या सुट्टीत, हातमोजा दातात धरून.
त्यांच्या घरी रेंज नाही,
रेंजसाठी खिंडीत चढावं लागतं
आणि खिंड नोव्हेंबरपासून बंद.
तिला कुणी कुलूपसुद्धा लावलेलं नाही.

रकाने अरुंद होते.
एकात नुसतंच दिसत होतं : येईन
मी त्यावर टिचकी मारली तेव्हा पुढचं उघडलं :
येईन, मुकादमानं पैसे दिले की.
बुरुलनं टिचकी मारली असेल का,
की 'येईन' वरच थांबली असेल,
हे नोंदीत येत नाही.

मी एक रकाना रुंद करायला गेले,
मग हात मागे घेतला.

मार्चमध्ये नवा हुकूम आला.
सोमवारपासून शाळेचे तक्ते फक्त शाळेच्या मुलांना,
बाहेरचा माणूस आपोआप बाद.
शुक्रवार होता. मुलं गेली होती.
शेगडीत कोळसा संपत आला होता आणि मी
पटाचं पान उघडून बसले.

नवीन विद्यार्थी. सुयुनबेक.
इयत्ता सातवी.
जन्मसाल खरं टाकलं तर यंत्र घेईना,
त्याच्या हिशेबी शेहेचाळीस वर्षांचं मूल नसतं.
मी त्याला तेरा वर्षांचा केला.
उंची, वजन, देवीची लस : रिकामं.
पालकाची सही : इथे जरा थांबले,
मग बुरुलचं नाव घातलं.
पासवर्ड बी-एकशे बारामध्ये ठेवला,
खाली एवढंच : मी काही वाचलेलं नाही.
आणि शेगडीजवळची खिडकी लावत जा,
गारठा येतो.

आता त्याला सगळंच जातं.
वेळापत्रक, सहलीची सूचना,
दात घासण्याविषयीचं पत्रक.
परवा गणिताचा गृहपाठही गेला, चुकून,
आणि रविवारी उत्तर आलं, कागदाचा फोटो,
कोपऱ्यावर सिमेंटचा अंगठा :
एक टाकी, दोन नळ, किती तासांत भरेल.

चुकलंय.
त्यानं टाकीला गळती धरली आहे,
जी गणितात नव्हती.
पायऱ्या नीट होत्या.
पाचपैकी तीन दिले.