बसलेला आवाज

लिलावघरातल्या संगणकाचा आवाज बसला तो सोमवारी.
कुणाच्या तरी भाच्याने विंडोज पुसून
पुन्हा घातली, होती तीच,
आणि मोटरसायकलवर बसून निघून गेला.
पडद्यावर सगळं दिसत होतं,
पेटीचा नंबर, बोटीचं नाव, उतरता भाव.
बोलायचं म्हणाल, तर तोंडात मिठाची गुळणी.

पेनिशच्या धक्क्यावर भाव वरून खाली येतो.
परवडेल तिथे बटण दाबायचं.
क्षणभर आधी दाबलं तर खिसा गेला,
क्षणभर उशीर, तर तारल्या दुसऱ्याच्या टोपलीत.
म्हाताऱ्या बेल्मिरुच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तो पडद्याकडे बघतो ते रीत म्हणून.

आदेरितु आला गुरुवारी दुपारी.
डबा उघडला, तर आत
एकोणीस वर्षांची धूळ, मिठाने जड झालेली,
आणि माशाचा एक वाळका खवला,
तिथवर कसा पोचला देव जाणे.
मदरबोर्डच्या कोपऱ्यात नखाएवढी चिप,
चिपवर छापलेला इवलासा खेकडा.
"हा तुमचा गवई," तो म्हणाला.
त्या घरात खेकड्याचं कौतुक कुणाला?

सीडी होती जपून ठेवलेली,
पण तिच्यावर कॉफीचा कप ठेवायची
सगळ्यांनाच सवय लागलेली.
पेनड्राइव्हवरचा पहिला ड्रायव्हर
दारातूनच परत फिरला: हे माझं घर नव्हे.
दुसरा आत शिरला, हिरवी पट्टी भरत गेली,
शंभर टक्के. रीस्टार्ट.
यादीत तेच पिवळं उद्गारचिन्ह,
बोट नाचवणाऱ्या मास्तरासारखं.
तिसऱ्या खेपेला आदेरितुने कपाळावर हात मारला.
आधी बसचा ड्रायव्हर घालायचा असतो.
हसू नका, ही बस वेगळी,
तांब्याच्या वाटा, ज्यांवरून आवाजाने जायचं.
ज्याला वाटच ठाऊक नाही
त्याला सूर देऊन उपयोग काय?

घातला. मग आवाजाचा घातला.
उद्गारचिन्ह गेलं.
तरी सगळं चिडीचूप.
शेवटी तो टेबलाखाली शिरला, गुडघे मोजत,
आणि खालूनच एक शिवी ऐकू आली.
स्पीकरची पिन गुलाबी भोकात होती.
ती हिरव्यात गेली मात्र,
अख्खं लिलावघर दचकलं,
छपरावरचे समुद्रपक्षी उडाले,
आणि ती जुनी बाई, जी कधी कुणी पाहिली नाही,
पूर्वीच्याच थंडपणे म्हणाली, एक, दोन, तीन,
चाचणी.
टाळ्या वाजल्या. आदेरितुला बांगडे मिळाले, अर्धा डझन.

आता एक सांगायचं राहिलं.
मधल्या तीन संध्याकाळी भाव पुकारत होती
वजनकाट्यावरची लिओनिल्द.
घसा खरवडून, रबरी बूट आपटत,
अठरा, सतरा, सोळा, पंधरा,
आणि चौदापाशी ती अर्धा श्वास थांबे.
इतकाच, की मोजायला गेलात तर हाती लागू नये.
चौदा हा बेल्मिरुचा भाव.
हे तिला माहीत होतं,
त्याला माहीत होतं की तिला माहीत आहे,
आणि बाकीच्यांनी कानावर हात ठेवले होते.

गुरुवारी संध्याकाळी यंत्रातली बाई
चौदावरून तेरावर गेली,
पायरी उतरावी तशी, सहज.
बेल्मिरुचं बोट हवेतच राहिलं.
एक पेटी गेली. दुसरीही गेली.
"हिला थोडं सावकाश बोलता येईल का?"
त्याने आदेरितुला विचारलं.
आदेरितु पेचकस पुसत राहिला.
ड्रायव्हरमध्ये तशी सोय नसते.

तिसरी पेटी आली.
अठरा, सतरा, सोळा,
पंधरा,
वजनकाट्याकडून
कुणीतरी खोकलं.