सत्तेचाळीस टक्के

दोर्दोय बाजारात एकावर एक चढवलेले कंटेनर,
खालच्यात मी. वरच्यात मोजे विकतात,
त्यांच्या पावलांनी माझ्या टेबलावरचे स्क्रू हलतात.

ओमुरबेक आत-बाशीहून आला, सहा तास,
टॅक्सीत चौघांत पाचवा.
फोन लोकरी हातमोज्यात.
"कंपनीचं नाव येतं, जातं. येतं, जातं.
चार दिवस नुसता उंबऱ्यावर उभा आहे."

सगळं पुसते, म्हटलं, दहा मिनिटांत नवा.
"नवा नको. हाच."

मग काळा पडदा, मुंगीएवढी अक्षरं.
आवाजाच्या बटणाने सरकायचं, पॉवरने हो म्हणायचं.
"अपडेट केबलवरून घ्या",
आणि अगदी खाली, खेटून, "सगळा डेटा पुसा".
ह्याचं खालचं बटण झिजलेलं,
एकदा दाबलं की दोन पायऱ्या उतरतं.
म्हणून वरच्या बटणाने उलटी गेले, तळातून,
एकेक ओळ, पुसण्यावरून पाय न लावता.

पहिली वायर नुसती चार्जिंगची: भरवते, बोलत नाही.
दुसरी बोलते, पण हलवली की रुसते.
तिसरी माझ्या गल्ल्यातली. ती कुणाला देत नाही.

फाइल जुनी निघाली. फोनने परत पाठवली.
धुगधुगी तेवढी उरलेली, तरी म्हणतो,
मागचं चालणार नाही, सही दाखवा.
मला आवडलं ते.
नवी उतरवली मोजेवाल्यांच्या वायफायवर,
दोन वाट्या चहा होईपर्यंत.

टक्के चढले.
सत्तेचाळीसला थांबले. तिथे थांबतातच.
कॉम्प्युटर म्हणतो, माझं झालं,
पुढचं त्याचं तो बघेल.
"अर्ध्यावर?" ओमुरबेकने विचारलं.
हो. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.
वायरला हात लावू नका, एवढं ठाऊक आहे.
त्याने दोन्ही हात काखेत घातले.

वर कुणीतरी गठ्ठा आपटला. स्क्रू घरंगळले.

नाव आलं. गेलं नाही.

त्याने पाठ करून पिन टाकला,
मी तेवढ्यात स्क्रू वेचले.
पडद्यावर आधी आले चार चुकलेले गजर,
पहाटे साडेतीन, खाली लिहिलेलं: घोडी बघ.
"गजराविनाच व्यायली," तो म्हणाला.

शिंगरू?

"फोटो कुठून असणार?"
मग हात काखेतून काढून
त्याने हवेत दाखवलं: पाय एवढे,
कपाळावर पांढरं इथून इथपर्यंत,
आणि उभं राहताना पडलं ते असं.
फोन टेबलावर, उजळलेला,
वायर अजून लावलेलीच.