दोन वाव

चाळिसाव्या दिवशी शिजवलेले गहू वाटले.
वर पिठीसाखरेचा थर, डाळिंबाचे दाणे,
आणि साखरेवर दालचिनीने लिहिलेलं तुझं नाव, साकेलारीस.
पाद्र्याने पळी खुपसली
ती नेमकी पहिल्या अक्षरात.

देव त्याला क्षमा करो, लोक म्हणाले.
कशाबद्दल, मी विचारलं.
मागे कुणीतरी हसलं.
कालिम्नोस एवढंसं बेट. कशाबद्दल ते सगळ्यांना माहीत.

ठरलं होतं कल्लियोपी. आजीचं नाव.
त्या बदल्यात आजी डोंगरावरची अंजिराची झाडं देणार होती.
रिवाजाप्रमाणे आई घरीच बसलेली,
नाव घेऊन पोरं धावत येणार,
पहिल्या पोराला नाणं.
आणि देवळात तू, माझा धर्मबाप, माझा नोनो,
तेलाने बुळबुळीत झालेली मला
मासळीसारखी दोन्ही हातांत धरून
पाद्र्याला म्हणालास: थेमेलीना.
तुझ्या होडीचं नाव.

आईने पोराला नाणं दिलं
आणि नाव ऐकून परत मागितलं म्हणे.
आजी सात वर्षं तुझ्याशी बोलली नाही.
अंजिरं मामाकडे गेली.

दर ईस्टरला धर्मबापाने द्यायची मेणबत्ती आणि नवे बूट.
बाकीच्यांचे नोनो पोरांना दुकानात न्यायचे.
तू दोरी घेऊन यायचास.
ठेव पाय.
टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणायचास,
डोळे मिटून, तळ शोधणाऱ्या माणसासारखा,
मग दोन बोटं पुढे धरून गाठ.
वाढतं अंग आहे, म्हणायचास.
त्या दोन बोटांत तू स्पंजाचे तुकडे कोंबायचास.
ऑगस्टपर्यंत माझ्या बुटांना समुद्राचा वास.

तुझ्या जोडातला डावा कायम पुढून फाटका,
उजवा कोरा.
लिबियाच्या पाण्यातून एकदा घाईने वर आलास,
तेव्हापासून डावा पाय ओढायचास.
तो समुद्राचा आहे, सांगायचास,
मी नुसता सांभाळतो.
एकेक बूट सुटा विकायचा कायदा झाला असता
तर मी बंगला बांधला असता.

मी पंधराची असताना सरकारने पत्र पाठवलं.
लाकडी होडी मोडा, पैसे घ्या.
तू सही केलीस.
मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही.
(सात वर्षांपुढे दोन दिवस काय, हेही तूच म्हणालास.)
पिवळं यंत्र बोटीने आलं,
त्याचा पंजा आधी नाळेत घुसला,
जिथे निळ्या रंगात माझं नाव होतं.
लाकूड ओरडतं. मला माहीत नव्हतं.
धक्क्यावर सगळे तिकडे बघत होते.
तू तिच्याकडे पाठ करून उभा होतास
आणि माझ्याकडे बघत होतास,
शेवटची फळी मोडेपर्यंत,
माझ्याकडेच.

मग मी डार्विनला गेले. लग्न, नोकरी, घर.
फोनवर तू एकच विचारायचास:
पायात काय घालतेस?

आज तुझ्या खोपटाची किल्ली मिळाली.
खिळ्याला त्या दोऱ्या. अठरा.
सगळ्यांत लहान माझ्या करंगळीएवढी, काळी पडलेली.
एकीलाही तारीख नाही. तुला लागतही नसावी.
मी त्या टोकाला टोक लावून बांधल्या,
तू शिकवलेल्या गाठीने,
आणि हात पसरून मापल्या.

दोन वाव.

चाळीस वाव खाली उतरणारा तू.
दोन वावांवर तर माझी चप्पल धक्क्यावरून पडली होती,
तेव्हा तू तोंडातली सिगारेट माझ्या हातात दिलीस
आणि ती विझायच्या आत वर आलास,
ओला, चिडलेला,
दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल घेऊन.

उरलेले गहू कागदाच्या पिशवीत दिले होते.
दाराच्या उंबऱ्यावर बसून खाल्ले.
दालचिनी जरा जास्त झाली होती.