आवराआवर न करता

वाशीच्या धारण तलावाशी, पंपघराच्या मागच्या खोलीत
एक टेबल, एक संगणक, आणि सीताराम भगतकाकांचा डबा.
तलावाचं पाणी बघायचं, खाडीची भरती बघायची,
झडप उघडायची की मिटायची ते ठरवायचं.
एवढाच माझा प्रोग्रॅम.

'झडप' हा क्लास, म्हणजे नुसता साचा.
त्यातून काढलेल्या सहा वस्तू,
सहा खऱ्या झडपांच्या नावानं.
चार नंबरची कितीही मिटली तरी दोन बोटं उघडी राहते,
तर तिची वेगळी पोटजात केली:
बाकी सगळं आईचं, फक्त मिटणं निराळं.

सुरुवातीला आकडे पडद्यावर वाहायचे.
काका त्यांच्याकडे बघत भाकर खायचे.
एका रात्री बदलीवरच्या पोरानं गाणी लावायला
ती खिडकी बंद केली,
आणि तिच्यासोबत प्रोग्रॅमही गेला.
सहाही झडपा होत्या तिथंच थिजल्या.

म्हणून त्याला मागं पाठवायचं ठरलं.

मागं पाठवायचं म्हणजे
आधी त्यानं हुबेहूब आपल्यासारखा एक लेक काढायचा
आणि आपण निघून जायचं.
पोरक्या लेकाला एक नंबरचा दत्तक घेतो,
तो सगळ्याच पोरक्यांना घेतो, कूळ विचारत नाही.
मग लेकानं पडद्याशी नातं तोडायचं,
उभा होता ती जागा सोडून मुळाशी जाऊन राहायचं,
आणि कान, तोंड, कुरकुर
तिन्ही शून्यात सोडून द्यायची.

पहिल्या खेपेला बाप शहाण्यासारखा गेला.
जाताना त्यानं सगळं आवरलं.
सहाही झडपांना 'मीट' म्हणाला,
पोर्ट बंद केला, दारावरचा नंबर पुसला.
मीच शिकवलं होतं, डिस्ट्रक्टरमध्ये, सात ओळींत.
बाहेर ओहोटी लागलेली, तलाव चढत चाललेला,
आणि लेकाच्या खात्यात झडपा उघड्याच.
दर पाच सेकंदांनी तो वहीत लिहीत राहिला:
उघडी आहे. उघडी आहे. उघडी आहे.

रात्री दोनला काकांनी बॅटरी मारून पाहिलं
आणि फोन केला,
"बाय, तुजा पोऱ्या खोटा बोलतंय."

खोटं नव्हतं ते.
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची.
खरं तर एका आडव्या रेघेची, 'एक्झिट'च्या आधी.
ती दिली की बाप काही मिटत नाही, काही पुसत नाही,
बोलता बोलता उठून जावं तसा जातो.

घणसोलीला आमच्या दारामागं
अजून उघाडीची लोखंडी कांब उभी आहे.
बाबा बांधावर असायचे, खार होती तोवर.
उधाण कधी, भांग कधी, हे त्यांना पोटातून कळायचं.
पुढं बांधही गेला, जमिनीला प्लॉट नंबर आले,
मग एका मंगळवारी, चहा अर्धा ठेवून, बाबाही.
लाइटबिल अजून त्यांच्याच नावानं येतं.
बदलायला अर्ज करायचा आहे.
फॉर्म आणून ठेवलाय.

पिठोरीच्या अमावास्येला मोठं उधाण होतं.
काकांचा पुन्हा फोन.
"पडद्यावर काय पन नाय. चालू हाय का मेलंय?"
काका, आता तो बोलत नाही. त्याला विचारावं लागतं.
मारायची जी आज्ञा आहे, तिलाच शून्य जोडायचा.
शून्यानं कोणी मरत नाही,
नुसती कडी वाजते: आहेस का?
नसला, तर पडदा ओरडतो, असा कोणी नाही म्हणून.

मी एकेक अक्षर सांगत गेले.
काका एका बोटानं शोधून दाबत गेले.
शेवटी चार आकडी नंबर, मग मोठी कळ.
फोनमधून खाडीचा आवाज येत होता,
भिंतीला पाणी लागल्यावर येतो तसा.

"काय नाय आलं," काका म्हणाले.

मग आहे.