मोसेलान्चा

ती स्वतःसाठी आलीच नव्हती.
भावजयीला घोड्यावर बसवून आणलं होतं,
नववा महिना, खिंडीत जुलैचा बर्फ,
लगाम हिच्या हातात, पाय घोट्यापर्यंत ओले.
आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच थबकली,
हनुवटीपाशी पिन लावलेली घोंगडी घट्ट धरून.
"हे बाकडं पोटुश्यांचं, लेकुरवाळ्यांचं.
माझं इथे काय काम?"

चहा दिला. दुसरा दिला.
मग कार्डावर घालायला नाव विचारलं.

मा-तेबेलो, म्हणाली. तेबेलोची आई.
आमच्या डोंगरात लग्नाच्या दिवशीच
नवरीला नाव मिळतं तिच्या न झालेल्या लेकराचं.
तेबेलो म्हणजे आस.
एकोणीस वर्षं झाली.
दोनदा दिवस राहिले, दोनदा निसटले,
नाव तेवढं अंगावर उरलं,
मापाचं नसलेल्या सदऱ्यासारखं.

मी पेन खाली ठेवलं.
"माहेरचं सांग."

ओठांवर हात ठेवून हसली.
"मोसेलान्चा."
कुत्र्याचं शेपूट!
आधीची तिघं आईच्या पाठीवरच गेली,
म्हणून चौथीला हे नाव,
मरणानं ढुंकूनही पाहू नये म्हणून.

"आणि माणसांनी? कुणी तपासलंय कधी?"
"दोनदा. गेलेलं बाहेर काढायला."

लोखंडी चिमटा मी कोमट पाण्यात ठेवते.
पुस्तकात हे लिहिलेलं नाही,
पण थंड लोखंड बाईला एकदा लागलं
की ती दहा वर्षं फिरकत नाही,
येताना दिसलीच तर दुसऱ्या वाटेने वळते.
"आणि हे बाटलीत काय?"
"व्हिनेगर. खालच्या दुकानात
बटाट्याच्या चिप्सवर शिंपडतात तेच."
ती खळखळून हसली, आणि गुडघे सैल झाले.
मी त्या हसण्याचीच वाट पाहत असते.

आता एक मिनिट थांबायचं.
भिंतीवरचं घड्याळ ईस्टरपासून बंद आहे,
म्हणून मी बायांना बोलायला सांगते
आणि मनात साठ मोजते.
कुणी मेंढ्यांच्या लोकरीचा भाव सांगतं,
कुणी नुसतंच छताचे पत्रे मोजतं.
ही म्हणाली,
"भावजयीला मुलगी झाली
तर नाव ठेवायचा मान माझा.
मी वाईट नाव ठेवणार नाही.
वाट पाहायला लावणारंही नाही."

एकेचाळीस. बेचाळीस.
टॉर्चच्या उजेडात हळूहळू पांढरं उमटलं,
नखाएवढं,
दुपारनंतरही खडकाच्या सावलीत
बर्फ चिकटून राहतो तसं.

"आहे?"
"आहे. लहान आहे. आजच जाळून टाकता येईल."
खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.
तीन दिवस ढग, छतावरचं सौर पॅनल उपाशी,
यंत्राच्या बॅटरीवर एकच रेघ.
मी ती रेघ तिच्यावर खर्च केली.
पंचेचाळीस सेकंद. तिनं माझी बाही धरली.
लोकर जळाल्यासारखा वास आला आणि गेला.

"महिनाभर नवऱ्याला दूर ठेव."
"ते काम खाणीनेच केलंय," म्हणाली,
"तो नाताळला येतो."

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात
सतरा कार्डं आहेत,
सुईची, तांबीची, गोळ्यांची,
सासूच्या नजरेला पडू नयेत
म्हणून इथेच ठेवून गेलेली.
हिचं कार्डही मी तिथे सरकवू लागले
तर तिनं ते काढून घेतलं,
उलटसुलट पाहिलं.
अक्षर ओळखीचं नव्हतं, पण लांबी कळली:
"हे मा-तेबेलो नाही."
"नाही."

"पुढच्या जुलैत पुन्हा ये. आठवणीनं."
"रांगेत कोणत्या नावानं हाक मारशील?
शेपूट म्हटलंस तर बाया हसतील."
"मग?"
ती पिन लावत राहिली.
दोनदा चुकली, तिसऱ्यांदा लागली.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून
भावजय कळ देत ओरडली,
तिसऱ्याच नात्यानं हिला हाक मारत,
आणि ही ओल्या पायांनी धावली,
कार्ड घोंगडीच्या आत.