मागचं सील

इंजिन बाहेर काढायलाच दोन दिवस गेले.
अक्रोडाच्या फांदीवर भरवसा नव्हता,
म्हणून शेजारच्या ओतियाचे कुंपणाचे तीन पाइप मागून आणले,
त्यांचं तिकाटणं उभं केलं, साखळी लावली.
इंजिन सुटलं तशी वोल्गेनं नाक वर उचललं,
साठ वर्षांचं ओझं उतरल्यासारखं.

वडील बाकावर बसून सांगत होते,
मी करत होतो.
सकाळपासून मला गेनो म्हणत होते.
गेनो त्यांचा धाकटा भाऊ, जाऊन सव्वीस वर्षं झाली.
मी ओ देत होतो.
"गेनो, फ्लायव्हीलचे बोल्ट वेगळ्या डब्यात. मिसळशील."
माझं नाव गेलंय, बोल्टांचा क्रम तेवढा जागेवर आहे.

ह्या गाडीला रबरी सील नसतं.
क्रँकच्या मागच्या टोकाशी, खाचेत,
ग्रॅफाइट चोळलेली दोरी बसवतात.
रात्रभर तेलात मुरवायची,
लाकडी दांड्यानं हळू ठोकत ठोकत खाचेत निजवायची,
वर राहिलेली टोकं वस्तऱ्यानं छाटायची.
दिसायला वातच.
काम मात्र उलटं:
तेल ओढायचं नाही, अडवून धरायचं.

जुनी उपसली तर हातात नुसता भुगा.
अकरा वर्षं गळत होती.
पोलंडमधला ट्रक सोडून मी परत आलो
तेव्हा पहिलं हेच खुपलं होतं,
आमच्या फाटकापासून थेट स्टेशनपर्यंत
रस्त्यावर काळे ठिपके,
आणि ते आमचे आहेत हे साऱ्या त्स्खाल्तुबोला माहीत.

आई चुलीवर आलुबुखारांची चटणी ढवळत होती.
"मागच्या नोव्हेंबरात," डाव न थांबवता ती म्हणाली,
"जुंबेर रात्री दोनला उठला, टाय बांधला, गाडी काढली.
मला वाटलं, आत्ता येईल.
मग बॅटरी घेतली आणि ठिपक्यांमागे निघाले.
वेगात गेला तिथे मोहरीएवढे,
वळणावर थबकला तिथे मनुकेएवढे.
पावाच्या दुकानापाशी तर थारोळं,
तिथे बराच वेळ रस्ता आठवत बसला असणार.
सापडला स्टेशनवर.
सॅनेटोरियमचे पाहुणे उतरतील म्हणून
दार उघडून उभा."

सॅनेटोरियम बंद होऊन तीस वर्षं झाली.
छतातून अंजिराची झाडं वर आलीत.

"हे तू फोनवर नाही सांगितलंस."
"फोनवर तू हवापाणी विचारायचास."

माझ्या हातात वस्तरा होता,
दोरीचं टोक खाचेबाहेर.
वडील उठले, जवळ आले,
"अर्धा मिलिमीटर वर ठेव. सपाट कापलंस तर गळेल."
सपाट कापावं असं एक क्षण वाटलं.
खोटं कशाला सांगू, वस्तरा टेकवलाही होता.
पण त्यांचा अंगठा आधीच तिथे होता,
एरवी चमचा धरवत नाही तो,
टोकावर स्थिर,
अर्धा मिलिमीटर मोजत.
मी नीट कापलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी चालू झाली.
खाली पुठ्ठा पसरला. तासभर वाट पाहिली.
कोरडा.
ओतिया वाइन घेऊन आला,
वडिलांनी सीलच्या नावानं पेला उचलला,
मग गेनोच्या नावानं, माझ्याकडे बघत.
आई लवकर झोपते म्हणून आत गेली.

रात्री कधीतरी अंगणात लोखंडाचा आवाज झाला,
मांजर असेल म्हणून मी कूस बदलली.

सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब.
मी घाईनं खाली वाकणार
तर वडील आधीच गुडघ्यांवर.
थेंबाला बोट लावलं, हुंगलं,
मान तिरकी करून वर पाहिलं.
"सील नाही," म्हणाले. "तळाचा बोल्ट. पाव आटा सैल."

पाना चाकापाशीच पडला होता,
त्याच्या दांड्याला चटणीचा लाल ओघळ.
त्यांनी तो उचलला,
विजारीला पुसून काढला,
आणि बोल्टला न लावता
पेटीत, त्याच्या जागेवर
ठेवून दिला.